कळकलेला समुद्र

मी एक जुना खेकडा आहे. जुना म्हणजे म्हातारा नव्हे हं, मित्रांनो! अनुभवी. माझं पोट फार मऊ असतं. ते झाकायला मी दुसऱ्या कुणी सोडून दिलेल्या शंखात बिऱ्हाड करतो. आजवर पुष्कळ बिऱ्हाडं बदलली आणि एकाचंही भाडं दिलं नाही. माझा जन्म मुरुडच्या खडकांतला. आमच्या जातीचे बहुतेक जण मुरुडच्या पलीकडे काही बघत नाहीत. मी मात्र आगगाडीने घाट चढून लोणावळ्याला राहून आलोय! तीच हकीगत सांगतो.

त्या काळी लोणावळ्याच्या बाजारात मकसूद नावाच्या माणसाचं किराणा दुकान होतं. त्याची बायको ताजुन्निसा आमच्या मुरुडची. एकदा ती माहेराहून सासरी निघाली, तेव्हा आठवण म्हणून तिने किनाऱ्यावरचे शंख धुऊन ओल्या फडक्यात बांधून घेतले. त्यातल्या एका शंखात मी गाढ झोपलो होतो. जाग आली तेव्हा लाँच गेली, बोरीबंदर गेलं, गाडी घाट चढत होती. मी फडक्यातून बाहेर पडलो आणि बाकावरून चालू लागलो. शेजारच्या बाईने अशी किंकाळी फोडली की अख्खा डबा उभा राहिला.

ताजुन्निसाने मला ओंजळीत घेतलं. "या अल्ला, हा तर जिवंत आहे!" ती म्हणाली. "न विचारता उचलून आणलं मी याला. आता हा माझा पाहुणा. पुढच्या खेपेला याला जिवंत परत नेलं, तरच मी माहेरी तोंड दाखवीन."

मी तेव्हाच ओळखलं, बाई शब्दाची पक्की आहे.

मकसूदने दुकानातली काचेची पेटी रिकामी केली. एका बंगल्याच्या लिलावात घेतलेली ती माशांची पेटी होती आणि तो तिच्यात बिस्किटं ठेवायचा. राहायला जागा झाली, पण पाण्याचं काय? खरं भांडण इथून सुरू झालं.

मकसूदचा धाकटा भाऊ वाहिद दवाखान्यात कंपाउंडर होता. दिवसभर औषधं कालवून त्याला कालवण्याचा भारी नाद लागला होता. तो म्हणाला, "भाभी, समुद्र म्हणजे काय हो? पाणी आणि मीठ. मीठ आपल्या दुकानात पोत्याने पडलंय. बाकीचे दोन-चार क्षार मी आणतो. इथे बसल्या बसल्या समुद्र करून देतो तुम्हाला!"

"करून द्यायला समुद्र म्हणजे काय चहा आहे?" ताजुन्निसा म्हणाली. "माझ्या पाहुण्याला खरं पाणी पाहिजे. तुमचे भाई माल आणायला मुंबईला जातात ना, येताना भरून आणतील."

"आणतो बाबा, आणतो," मधल्या मधे सापडलेला मकसूद म्हणाला.

दोघं पाण्यावरून भांडत होते आणि त्या पाण्यात राहायचं होतं मला! मला कुणी विचारलं नाही. दूध घालायला कुरवंड्याहून रतनबाई यायच्या, त्यांनी तेवढी माझी चौकशी केली. पेटीत डोकावून त्या म्हणाल्या, "येवढा कशापायी जीव टाकताय, ताजूबाई? आमच्या वड्याला लय खेकडं हायती. ह्येचं बी झ्याक कालवण हुईल." मित्रांनो, मी जो शंखात शिरलो तो दुसऱ्या दिवशीच बाहेर आलो.

मकसूदची मुंबईची फेरी होईपर्यंत वाहिदचं पाणी आलं. त्यात खडेमीठ होतं, आणखी काय काय होतं, आणि जुलाबाचं मीठही होतं. ते ऐकून मला धडकीच भरली. पण वाहिदने सगळं नीट मोजून, ढवळून, निवळू दिलं होतं. खोटं कशाला बोलू, पाणी बरं होतं. भूक तेवढी लागत नव्हती.

मग मकसूद समुद्र घेऊन आला. बायकोच्या माहेरचं पाणी आणायचं म्हणून त्याने घरातला सगळ्यांत देखणा तांब्याचा हंडा नेला होता, चिंचेने लखलखीत घासलेला. स्टेशनवर तिकीट कलेक्टरने विचारलं, "हंड्यात काय आहे?" मकसूद म्हणाला, "सासुरवाडी!" हे घरी सांगताना तो स्वतःच इतका हसला की हंडा हिंदकळला. ताजुन्निसाने मोठ्या हौसेने ते पाणी पेटीत ओतलं आणि मला त्यात सोडलं.

थोड्याच वेळात माझे पाय जड झाले. मी दगडावर चढून पाण्याबाहेर बसलो. कुणी खाली ढकललं की पुन्हा वर. दिवस कलला तेव्हा मी शंखातून अर्धा बाहेर लोंबत होतो. आमच्यात हे शेवटचं लक्षण असतं.

"बघा, बघा!" वाहिदने टाळी वाजवली. "तुमच्या खऱ्या समुद्राला हाच विटला!" मग त्याने भाभीचं तोंड पाहिलं आणि हात खाली घेतले.

ताजुन्निसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "माझ्याच समुद्राने कसं मारलं याला?" ती म्हणाली. मनाला पटेना म्हणून तिने पेटीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थू करून थुंकली. "अहो, हे तर कळकलंय!"

आंबट किंवा खारट जिन्नस कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवला की त्यात विष उतरतं. त्यालाच कळकणं म्हणतात, आणि हे स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. ताजुन्निसाने हंडा उजेडात आडवा केला. बाहेरून लखलखीत आणि आत जागोजाग हिरवे डाग.

"यात ताक ठेवाल का?" तिने विचारलं.

"छे! ताक कसं ठेवीन?"

"मग समुद्र कसा ठेवलात?"

"अगं, पाणी म्हणून..." मकसूदने कपाळावर हात मारून घेतला.

"ते पाणी नव्हे हो, लोणचं आहे! बरणीतच भरायला हवं होतं."

वाहिद आत धावला. त्याने स्वतः केलेलं, झाकून ठेवलेलं पाणी आणलं, पेटी धुतली आणि मला हलकेच त्यात ठेवलं. "हवं तर मी हरलो म्हण रे बाबा," तो म्हणत होता, "पण तू जग." त्या पाण्याने मला तगवलं. सकाळी मी एक पाय हलवला, तर तिघांनी मिळून असा गलका केला की गिऱ्हाइकं दुकान सोडून घरात आली.

त्याच दिवशी ताजुन्निसाने लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी रिकामी केली. सगळ्या आळीला लोणचं वाटलं. रतनबाई दोन वाट्या घेऊन गेल्या. मकसूद दुकान बंद करून, बरणी गोणपाटात गुंडाळून, केवळ माझ्यासाठी मुंबईला गेला. ते पाणी आलं आणि काय सांगू! मी खाल्लं, नाचलो, दगडाशी भांडलो. वाहिदच्या पाण्याने मला जगवलं, समुद्राच्या पाण्याने मी माझा मी झालो. दोघांचेही माझ्यावर उपकार आहेत.

पुढचे महिने फार मजेत गेले. "पाहुणे, जेवले का?" असं विचारल्याशिवाय गिऱ्हाईक गूळसुद्धा मागत नसे. कालवणाची गोष्ट काढणाऱ्या रतनबाई आता चोरून भाकरीचा तुकडा टाकायला बघायच्या. पेटीतलं पाणी आटलं की वाहिद गोडं पाणी घालायचा. "पाणी उडतं भाभी, मीठ मागेच राहतं," तो समजावायचा, आणि ताजुन्निसा ते मुकाट्याने ऐकायची.

थंडीत ती माहेरी निघाली. या वेळी दोघे भाऊही बरोबर आले. मुरुडच्या खडकावर तिने मला ठेवलं. वाहिद माझ्याशेजारी उकिडवा बसला. "भाभी, राहू द्या ना याला. मी पाणी करत जाईन."

"पाहुण्याला अडवून ठेवतात का, वाहिद?" ती म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, पण ती हसत होती.

मी निघालो. आम्ही तिरके चालतो, त्यामुळे जाताना त्यांच्याकडे पाठ करावी लागली नाही. लाट येईपर्यंत मी त्या तिघांना डोळे भरून पाहिलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही कधी काचेची पेटी येईल. समुद्राचं पाणी चांगलं की घरी केलेलं, यावर खुशाल भांडा. फक्त भांडता भांडता अधूनमधून पेटीत बघत जा. आत कुणीतरी राहत असतं.