कोंबडीचं श्वासपटल

नंदाबाईच्या पंधरापैकी अकरा कोंबड्या एकाच सकाळी मेल्या आणि तांड्यावर त्यांच्या मरणाची दोन कारणं झाली. नंदाबाई म्हणे, औषधानं मेल्या. तिचा नवरा फुलसिंग म्हणे, मानमोडीच्या रोगानं मेल्या.

फुलसिंगाचं म्हणणं त्याच्या सोयीचं होतं, कारण कपाशीवरचं औषध मजुरीनं त्यानंच मारलं होतं. रामराव पाटलाची पऱ्हाटी त्या साली माणसाच्या डोक्यावर गेलेली. अळी बोंडाच्या आत आरामात बसलेली आणि फवारा बाहेरून चालू. फुलसिंग एकदा वावरात शिरला की दिसत नसे, नुसता पंपाचा आवाज ओळीओळीनं फिरे. तोंडाला रुमालही नाही. आदल्या दिवशी तो धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं फवारत होता आणि कोंबड्या त्याच धुऱ्यावर चरत होत्या.

"चोची उघड्या टाकून मेल्या, अजी! हवा मागून राह्यल्या होत्या बिचाऱ्या."

"मानमोडीतबी चोच उघडतेच."

"अन् तुमचे डोये लाल झाले, खोकला लागला, थे कायनं?"

"मिरचीनं. तूच टाकतं इतकी."

आजूबाजूच्या गावांतून फवारणारी माणसं त्या महिन्यात दवाखान्यात जात होती. कोणी डोळे घालवून आला, कोणी आलाच नाही. नंदाबाईनं ही नावं कोंबड्या मरायच्या आधीपासून रोज सकाळी नवऱ्याला ऐकवावीत आणि त्यानं भाकर मोडत उत्तर द्यावं, "थे उपाशीपोटी फवारत होते. मी जेवून जातो."

कोंबड्या मेल्या त्याच दिवशी भांडण तांड्याचा नायक लखीराम याच्यासमोर गेलं. चार लोकांत अडकल्यावर फुलसिंग बोलून गेला, "सरकारनं कागदावर लिवून देल्लं का कोंबड्या औषधानं मेल्या, त पंप खाली ठेवतो. सेवालाल बापूची आन."

झालं. नंदाबाई तडक जनावरांच्या दवाखान्यात गेली आणि तिथल्या डॉक्टरला, संघदीपला, घेऊन आली. हा संघदीप नवा होता, त्यामुळे बोलावल्यावर येत असे. लिंबाखाली पोतं अंथरून त्यानं मेलेली एक कोंबडी फाडली. तांडा भोवती जमला.

"हे पाहा मावशी, फुफ्फुस. एवढुसं. पाठीच्या फासळ्यांत रुतून बसलेलं. हे आपल्यासारखं फुगत नाही."

"मंग श्वास कशी घेते?"

"पिशव्यांनी. साबणाच्या फुग्यावानी पातळ असतात. मानेत, छातीत, पोटात, मिळून आठ. त्या भात्यावानी चालतात. आपली हवा आल्या वाटेनं परत जाते. हिची आधी मागच्या पिशव्यांत, तिथून फुफ्फुसात, मग पुढच्या पिशव्यांत न् मग बाहेर. म्हून श्वास घेताना बी ताजी हवा फुफ्फुसातून जाते, सोडताना बी."

"म्हंजे दोन्ही वक्ताले जेवते," लखीराम म्हणाला.

"हो नायक. अन् हवेत औषध असलं, त तेबी दोन्ही वक्ताले." त्यानं पंखाचं वरचं हाड मोडून दाखवलं. आत पोकळ. "हाडातबी हवा जाते हिच्या."

फुलसिंग मागून म्हणाला, "मंग माणसाले निम्मंच लागत असन. बरं झालं सांगतलं."

"कोंबडी आधी मरते, भाऊ. माणसाले थोडा टाइम लागते, एवढंच," संघदीप म्हणाला. पण तोवर फुलसिंगानं पंप पाठीवर घेतला होता.

अहवालाचा छापील नमुना सगळ्या जनावरांना मिळून एकच होता. शिंगांचा रकाना होता, खुरांचा होता. चौदाव्या रकान्यात 'श्वासपटल' होतं. छाती आणि पोट यांच्यामधला तो पडदा आपल्याला असतो, गाईला असतो. कोंबडीला नसतो. संघदीपनं तिथं लिहिलं, 'नसते'. मरणाचं कारण लिहिलं, 'कीटकनाशकाची फवारणी'. सही केली.

आठव्या दिवशी अहवाल वरच्या हापिसातून परत आला. शेरा होता : 'अवयव गहाळ. कोणी काढून नेला, खुलासा करावा.'

संघदीपनं फोन लावला. नंदाबाई शेजारीच उभी होती, म्हणून फोनचा आवाज मोठा केला.

"साहेब, कोंबडीला श्वासपटल नसतंच."

"गाईले हाय, बकरीले हाय, कुत्र्याले हाय. कोंबडीनं काय घोडं मारलं?"

संघदीपनं पुस्तकातल्या पानाची नक्कल जोडून अहवाल पुन्हा पाठवला. सहा दिवसांनी हापिसातून फोन आला.

"तुमी हवेच्या पिशव्या आठ लिवल्या. पुस्तकात नऊ हाय."

"पक्ष्यांत साधारण नऊ असतात, साहेब. कोंबडीत मानेच्या दोन जुळून एक होते."

"कधी जुळली? मरायच्या आधी का नंतर?"

संघदीपनं फोन ठेवला.

तिकडे फुलसिंग फवारतच होता. रामरावचं वावर झालं, दुसऱ्याचं झालं, पुन्हा रामरावचं आलं. एका दुपारी तो धुऱ्यावर बसून ओकला, डोक्यावर पाणी ओतलं आणि उरलेल्या ओळी करायला परत गेला. नंदाबाईनं ते पाहिलं. ती तशीच दवाखान्यात गेली.

"भाऊ, त्याइले पाह्यजे त देऊन टाका एक श्वासपटल."

"मावशी, खोटं कसं लिवू? मी शिकलो हे."

"कोंबडी काई तक्रार करत नाई. मेली थे. माह्या घरचा माणूस अजून हाय."

संघदीपनं कोरा नमुना काढला. पेन दोनदा टेकवलं, दोनदा उचललं. मग लिहिलं : 'श्वासपटल : आहे. सुस्थितीत.' हवेच्या पिशव्यांपुढं लिहिलं, 'निरंक'.

अहवाल दोन दिवसांत मंजूर झाला. सोबत हुकूमही आला. लखीरामनं तो ओट्यावर उभं राहून वाचला : कोंबड्या फवारणीनं मेल्या. सबब, फवारणीच्या दिवशी कोंबड्या घरात ठेवून दार बंद करावं.

"आता?" नंदाबाईनं विचारलं.

फुलसिंगानं हुकूम उलटापालटा करून पाहिला. "यात माणसाचं नाव कुठं हाय?"

"आन घेतली होती तुमी!"

"ठेवतो ना पंप. मी कुठं नाई म्हनतो? आजचा रामरावचा तुकडा झाला का ठेवतो." तो खोकला आणि औषधाचा डबा आणायला घरात गेला.

नंदाबाईनं उरलेल्या चार कोंबड्या त्याच्या मागोमाग आत हाकलल्या, दार ओढलं, कडी घातली आणि कुलूप लावलं.

"अवं, उघड!"

"सरकारचा हुकूम हाय. दार बंद ठेवा म्हनते."

"थो हुकूम कोंबड्याइसाठी हाय!"

"कागदावर कोंबडीले श्वासपटल हाय, सुस्थितीत. सही-शिक्क्यासकट. तुमच्यात न् तिच्यात आता फरक कोनता राह्यला?"

आतून आधी शिव्या आल्या, मग खोकला आला, मग बराच वेळ नुसती कोंबड्यांची कुरकुर. वावरातून रामरावच्या हाका येत होत्या. नंदाबाई दाराला पाठ लावून बसून राहिली.