तबकडी दिसेनाशी होते तिथे

तलावात जितकं खोल दिसतं, तितक्याच अंतरापर्यंत माझी मुलगी मला दिसते. बाकी सगळं लख्ख दिसतं, समोरचं कपाट, भिंतीवरचं घड्याळ. फक्त रेवती त्या अंतरापलीकडे गेली की हिरवट होत होत नाहीशी होते.

मोजणं सोपं आहे. दोरीला बांधलेली पांढरी तबकडी होडीतून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. आम्ही शेवाळावर संशोधन करतो, त्यासाठी हा आकडा मी दर सोमवारी वहीत नोंदवते. जानेवारीत तो चार मीटर होता, तेव्हा रेवती स्वयंपाकघरातून दिसायची. एप्रिलात एक मीटर. शाळेच्या फाटकाशी मी नुसतीच उभी राहायचे, तीच येऊन माझा हात धरायची.

मी आमच्या प्रमुखांना, कविश्वरसरांना म्हटलं, "सर, शेतांतून येणारं खताचं पाणी आता तरी अडवू या."

"तो आपल्या प्रकल्पाचा भाग नाही," ते म्हणाले. "आपलं काम निरीक्षण. छान चाललंय."

छान! इथे माझा जीव टांगणीला लागला होता.

मे महिन्यात आकडा अर्ध्या मीटरवर आला. रेवती जरा लांबूनही दिसावी म्हणून मी वहीत दोन लिहिले. त्या संध्याकाळी घरात बरोबर दोन मीटरवर एक मुलगी उभी होती. चेहरा रेवतीचाच, पण रेवतीचे पडलेले पुढचे दोन्ही दात तिच्या तोंडात शाबूत होते.

"मॅडम, पाणी देता?" तिने विचारलं.

"आई, ही कोण?" माझ्या कुशीतून रेवती ओरडली.

मी धावत जाऊन वहीतला आकडा खोडला, तशी ती मुलगी नाहीशी झाली.

आज रेवतीला घेऊनच होडीत बसले. पाण्यावर वाटलेल्या चटणीसारखा थर होता. तबकडी पाण्याला टेकली आणि टेकताक्षणी गेली. शून्य. मी शेजारी पाहिलं. फळी रिकामी होती. माझ्या हातात मात्र तिचा हात होता, घामेजलेला.

"किती आलं जी, मॅडम?" होडीवाल्या दुधरामभाऊंनी विचारलं.

मला तिला पाहायचं होतं. एकदाच. दुसरं काही सुचेना. मी दोन लिहिले.

होडीच्या दुसऱ्या टोकाला ती मुलगी बसलेली होती.

"पोरगी लय गोड हाये जी तुमची," दुधरामभाऊ म्हणाले.

ती सगळे दात दाखवून हसली. मीही हसले. माझ्या हातातली बोटं आणखी घट्ट झाली.