प्रोवेचो

मेक्सिकोत, आमच्या पुएब्ला शहरातल्या चर्चचा जुना ऑर्गन दुरुस्त करायला वाउटर नावाचा डच तरुण आला, एर्मिलाबाईंच्या खाणावळीत जेवू लागला आणि त्यांच्या रेबेकाच्या प्रेमात पडला. ऑर्गन तसाच राहिला. रेबेकाचा होकार होता, आईचा नव्हता. कारण जेवण झालं की हा उठायचा आणि बाकीच्या जेवणाऱ्यांना ‘प्रोवेचो’ न म्हणता चालू पडायचा.

“गोठ्यातून बैल उठावा तसा उठतो,” एर्मिलाबाई मला म्हणाल्या. “बैलाला मुलगी देऊ?”

रविवारी दुपारी आईला शेवटचं विचारायचं, असं रेबेकानं ठरवलं. म्हणून सकाळी चौकातल्या बाकावर मी त्याची शिकवणी घेतली. अन्न अंगी लागो, एवढाच अर्थ. ओळख लागत नाही. कुणी जेवत असेल तर जवळून जाताना म्हणायचं. तो भरल्या तोंडानं आभार मानतो. पोरगा एवढा हरखला की तिथंच सराव सुरू. कणीस खाणाऱ्या पोलिसाला म्हणाला, पोलिसानं टोपीला हात लावला. मग कबुतरांकडे वळला.

“त्यांना नाही म्हणायचं.”

“पण ती खातायत की, काका.”



दुपारी खाणावळ तुडुंब. धास्तीनं रेबेकानं दोन गिऱ्हाइकांच्या मांडीवर सूप सांडलं. वाउटर उठला, कान लालबुंद, आणि ‘प्रोवेचो’ म्हणाला. चमचे थांबले, सगळीकडून आभार आले. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात हा गडी दाराकडे जायचा सोडून स्वयंपाकघराकडे निघाला. तिथं कुणी पाऊल टाकत नाही.

आत चुलीपाशी, आमच्याकडे पाठ करून, एर्मिलाबाई उभ्याउभ्याच मक्याची तोर्तिया आणि घेवडा खात होत्या. गिऱ्हाइकांची ताटं आधी, म्हणून त्या कधी बसून जेवल्याच नाहीत. वाउटर उंबऱ्यावर थांबला.

“प्रोवेचो, एर्मिलाबाई.”

त्यांचं चावणं थांबलं. त्यांच्या जेवणाजवळून आजवर कुणी गेलंच नव्हतं. मग आख्खी खाणावळ एका सुरात ओरडली, “प्रोवेचो, बाई!”

“बोंबलताय काय? जेवा गपचूप,” त्या खेकसल्या आणि पदर नसल्यामुळे एप्रननंच डोळे पुसले. “रेबेका, दोन स्टुलं आण. एक मला, एक ह्याला. आणि वाढ आम्हाला.”

रेबेका धावली. वाटेत तिसऱ्याच्या मांडीवर सूप सांडलं. त्यानं तक्रार केली नाही. ती मांडी माझी होती.