कोपऱ्यात घुसलेलं काहीतरी

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. आमच्या गल्लीतल्या उकिरड्याचे माझ्या धाकट्या भावाने फेडले. चेपलेले डबे, मोडकी छत्री, एका चाकाची ढकलगाडी, सगळ्यांचे फोटो काढून त्याने प्रदर्शन भरवलं आणि मग तेच शिकवायचा वर्गही काढला. घरात स्वतःचं खरकटं ताट उचलेल तर शपथ! आम्ही त्याला कलाकार म्हणतो. तो ते कौतुकच समजतो.

त्याचे नियम मला ऐकून ऐकून पाठ झालेत. वस्तूला हात लावायचा नाही, आपण हलायचं. गुडघ्यावर बसायचं, तिच्या उंचीवर यायचं. आणि चौकटीच्या कडा तपासायच्या. कोपऱ्यातून नको ते डोकावत असेल तर एक पाऊल पुढे टाकायचं, ते आपोआप बाहेर जातं.

त्या सकाळी मी मशीनमधून कपडे काढत होते, तेवढ्यात आमचे वडील, आप्पा, दार उघडून निघून गेले. हल्ली त्यांना घराचा रस्ताही आठवत नाही. माझ्या पायाखालची वाळू सरकली. भावाला फोन केला, पुन्हा केला. पण काम करताना साहेब फोन बंद ठेवतात. शेजाऱ्यांना घेऊन मी सगळे रस्ते पालथे घातले. दिवसभर जीव टांगणीला लागला होता.

संध्याकाळी एका बंद गोदामाच्या राखणदाराला ते दिसले. भिंतीलगतच्या उथळ, कोरड्या नाल्यात पडले होते. खुबा मोडलेला, ओठ सुकून फुटलेले. डॉक्टर म्हणाले, "सकाळीच आणायला हवं होतं. उन्हात फार वेळ पडून राहिलेत. आता काही सांगता येत नाही."

कलाकार धावत आले. रडलेसुद्धा, खोटं कशाला बोलू? आप्पा कुठे सापडले, एवढं विचारायचं मात्र राहिलं. थोड्या वेळाने खाटेशी बसून त्याने कॅमेरा उघडला.

"ताई, बघ ना, तुझंही मन जरा रमेल. आज एकच झकास मिळालाय."

फरशीवर एकटी चप्पल. तिरका उजेड, भोवती मोकळी जागा, सगळं कसं जिथल्या तिथे. पट्ट्याला निळ्या दोऱ्याचे टाके होते. ते मीच घातले होते.

"हा कुठे काढलास?"

"गोदामामागे. का गं?"

"याच्या आधीचा दाखव."

"तो फसलाय. कोपऱ्यात काहीतरी घुसलं होतं, चिंधी असेल, म्हणून मी पुढे..."

त्याने बटण दाबलं. कोपऱ्यात, नाल्याच्या काठावर, उघडी टाच होती.

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तेवढ्यात आप्पांनी डोळे उघडले.

"सकाळी एक माणूस आला होता," ते मला म्हणाले. आवाज जेमतेम निघत होता. "गुडघ्यावर बसला. म्हटलं, आता उचलेल."

"बोलू नका आप्पा, त्रास होतोय."

"आधी वाटलं, आपलाच पोरगा. पण तो असता तर उचललं असतं."

भाऊ हात जोडून माझ्याकडे बघत होता.

"हो आप्पा," मी म्हणाले. "तो आपला नव्हताच."