काही नाही निघालं

डॉक्टरांनी अंगातला पांढरा कोट काढून टेबलावर पसरला आणि कुंदाला त्याची बटणं लावायला सांगितली. पहिलं लागलं. दुसरं काजात अर्धं शिरून परत निघालं. तिसऱ्याच्या वेळी तिने जीभ दातांत धरली, खांदा कानापर्यंत चढवला, आणि बटण भलत्याच काजात जाऊन बसलं. ते सोडवायला गेली तर पहिलंही सुटलं.

"राहू द्या," डॉक्टर म्हणाले.

हे 'राहू द्या' कुंदाच्या चांगल्याच ओळखीचं होतं. भाकरी थापताना, पाणी शेंदताना, सुईत दोरा ओवताना ते तिने जन्मभर ऐकलं होतं. त्यानंतर कुणीतरी तिच्या हातातली वस्तू काढून घ्यायचं. या डॉक्टरांनी मात्र काहीच काढून घेतलं नाही. कोट तसाच पडू दिला आणि खुर्ची तिच्यासमोर ओढून बसले.

डॉक्टर अमृतकर मुंबईचे, नसांचे डॉक्टर. महिन्यातल्या एका रविवारी जळगावला येत आणि औषधाच्या दुकानावरच्या माडीवर बसत. मघाशी सुरुवातीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं कुंदाचा नवरा पितांबर यानेच देऊन टाकली, तेव्हा त्यांनी त्याला बाहेर बाकावर बसायला सांगितलं होतं. असं आजवर कुणी केलं नव्हतं.

आजवरच्या डॉक्टरांची तर कथाच निराळी. साक्रीच्या डॉक्टरांनी अशक्तपणा ठरवला. त्यांचा लाल इंजेक्शनवर इतका विश्वास, की पाय मुरगळलेल्यालाही तेच आणि ताप आलेल्यालाही तेच. धुळ्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून उजेडात धरला आणि हाडं लोखंडासारखी आहेत म्हणून तिचं अभिनंदन केलं. आणखी एकजण म्हणाले, मूल झालं की आपोआप सगळं ताळ्यावर येईल. शेवटचे डॉक्टरही धुळ्याचेच. त्यांनी चष्म्यावरून बघत, पितांबरच्या देखतच विचारलं, "सासरी त्रास आहे का?" पितांबरला हे फार लागलं. डॉक्टरांशी बोलायची त्याची हौस तिथेच फिटली. पुढे कुंदाने कितीदा म्हटलं तरी तो कुठल्या दवाखान्याची पायरी चढायला तयार झाला नाही. आजही तो आईच्या शब्दाखातर आला होता, आणि लवकर आटपावं म्हणूनच भराभर उत्तरं देत होता.

प्रत्येक डॉक्टर 'काही नाही' म्हणायचा, आणि घरी सासू, द्रौपदाबाई, त्या 'काही नाही'चा सरळ अर्थ लावायच्या. काही नाही, म्हणजे सूनच वेंधळी. धाकट्या दिराच्या लग्नात कुंदाने हातावर पसरायचा पुरणाचा मांडा करायला घेतला. हातावर फाटला आणि पुरण थेट चुलीत गेलं. धुराने बायकांचे डोळे चुरचुरले, तरी त्या पोट धरून हसल्या. कुंदाही हसली. न हसून काय करणार? त्यानंतर मांडे असले की तिला पाट्यावर पुरण वाटायला बसवायचे.

एवढ्यावर भागलं असतं तर तिने आयुष्य हसून काढलं असतं. पण शालू आठ महिन्यांची असताना तिला कडेवर घेऊन कुंदा ओट्यावरून उतरत होती आणि पाय पायरीवर पडायच्या ऐवजी हवेत पडला. शालूचं कपाळ दगडावर फुटलं. टाके पडले, जखम भरली, पण द्रौपदाबाईंनी त्याच आठवड्यात नातीला उचललं आणि जळगावला मेहरूणला, आपल्या लेकीकडे, यशोदाबाईकडे नेऊन ठेवलं. पोर जरा मोठी होईपर्यंत, असं म्हणून. यशोदाबाईला दोन मुलगेच. तिने शालूला जिवापाड सांभाळलं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. आता शालू तीन वर्षांची झाली होती, आणि यशोदाबाई तिला जूनमध्ये जळगावच्याच बालवाडीत घालायचं म्हणत होती. एकदा शाळा सुरू झाली की पोर कायमची तिकडची, हे सगळ्यांनाच कळत होतं.

यावर द्रौपदाबाईंनी निवाडा केला होता. "एक डाव मोठा डाक्टरले दखाडी द्या. येंधळी व्हयी, तं पोर घर लयी या, सुधाराले मी शे. रोग व्हयी, तं मी काय करू? मंग पोर तठेच ऱ्हाऊ दे."

कुंदाचा हिशेब वेगळा होता. रोग निघाला तर औषध निघेल. औषध निघालं तर रोग जाईल, आणि मग कुणाच्या तोंडाकडे बघायचं कारणच उरणार नाही. म्हणून रोग निघावा असं ती मनापासून देवाला म्हणत होती. काल संध्याकाळी ती आणि पितांबर मेहरूणला उतरले, तेव्हा शालू आत्याच्या पदराआड गेली आणि तिथून म्हणाली, "माय, साक्रीवाली बाई उनी." कुंदाने तिच्यासाठी आणलेला फुग्यांच्या बाह्यांचा फ्रॉक पिशवीतून काढला, तर तो आधी हातातून पडला आणि मग यशोदाबाईनेच तो पोरीला घातला.

"गाव कुठलं म्हणालात?" डॉक्टरांनी विचारलं.

"साक्रीकडचं."

"म्हनजे आपलाच शेतस. मी पिंपळनेरना." डॉक्टर हसले. मुंबईच्या माणसाच्या तोंडून आपली बोली ऐकून कुंदाला उगाचच रडू आल्यासारखं झालं. "लहानपणी फुगडी खेळायचात का?"

हा प्रश्न तिला कुठल्याच डॉक्टरने विचारला नव्हता. ती गोंधळली.

"कोणी घेतच नव्हतं मला. मी सगळ्यांना पाडायची."

"सायकल?"

"नाही."

"वेणी?"

"अजून नाही येत. अंबाडाच बांधते, तोही सुटतो." मग तिला वाटलं, हा माणूस ऐकतोय तर सांगूनच टाकावं. "शाळेत माझं अक्षर बघून बाई म्हणायच्या, कोंबडीने पाय उमटवले. पाढे मला सगळ्यांच्या आधी पाठ व्हायचे. पण तेवढ्याने काय होतं?"

डॉक्टर मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मांडा कसा करतात ते मला दाखवा. इथे काही नाही, नुसत्या हातांनी. आधी तोंडाने सांगा."

कुंदाने सांगितलं. कणीक सैल भिजवून, तेलाचा हात लावून, ताणली की तुटणार नाही इतकी मुरवायची. दोन लाट्यांत पुरण भरायचं, काठ दाबायचे. पोळी मोठी झाली की मनगटांवर घ्यायची, या हातावरून त्या हातावर, थांबायचं नाही, थांबलं की ती एकाच जागी लोंबते आणि फाटते. कोपरापर्यंत आली की उपड्या खापरावर सोडायची, पण सोडताना दोन्ही हात एकदम बाजूला. ती न अडखळता बोलत होती. द्रौपदाबाईंनाही इतकं नीट सांगता आलं नसतं.

"आता हातांनी."

ती उभी राहिली. हात पुढे केले. उजवा हात वर गेला तेव्हा डावाही त्याच्यामागे गेला. त्याने खाली राहायला हवं होतं हे तिला माहीत होतं, आणि ती त्याला मनात सांगतही होती. मग दोन्ही हात मध्येच थबकले. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा कोपर टेबलावरच्या पेल्याला लागलं आणि पाणी सांडलं.

"माफ करा," ती म्हणाली आणि पदराने टेबल पुसायला लागली.

"बसा," डॉक्टर म्हणाले. "पाण्याचं असू द्या. कुंदाबाई, तुम्ही वेंधळ्या नाही."

ती पुसतच राहिली.

"ऐका माझं. काही माणसं जन्मतःच अशी असतात. हातात जोर असतो, डोक्यात अक्कल असते. पण डोकं हाताला जे सांगतं, ते वाटेत विस्कटतं. मुलांमध्येसुद्धा हे फार कमी डॉक्टर ओळखतात. मोठ्या माणसाचं तर कुणी बघतच नाही. तुम्ही मुद्दाम काही केलेलं नाही, आणि लक्ष दिल्याने हे जाणारही नव्हतं."

"याले नाव शे?"

"आहे. डिस्प्रॅक्सिया."

कुंदाने तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. मग ती रडली. दुःखाने नाही. विहिरीवर, चुलीपाशी, शाळेच्या मैदानात तिला हसलेली सगळी माणसं एका रांगेत उभी करून त्यांना हा एक शब्द ऐकवावा, असं तिला वाटलं. शालू झाली त्या दिवसानंतर इतका आनंद तिला झाला नव्हता.

डॉक्टरांनी तिला रडू दिलं.

"मंग औषध?" डोळे पुसून तिने विचारलं.

डॉक्टरांनी टेबलावरचा कोट उचलला, त्याची चुकीची लागलेली बटणं सोडवली. "औषध नाही. सवयीने थोडंफार सुधारतं. घाई करायची नाही, एका वेळी एकच काम करायचं. पण हे जाणार नाही. ते तुमच्या बरोबरच राहणार."

बाहेर बाकावर पितांबर खोकला.

"नवऱ्याला आत बोलवा," डॉक्टर म्हणाले. "मी त्यांना नीट समजावतो. तुमची काही चूक नाही हे कळलं की घरातला जाच तरी थांबेल."

"नको."

"का?"

"तुम्ही सांगू नका त्याहीले काही."

"अहो, इतकी वर्षं तुम्हाला हेच हवं होतं ना? कुणीतरी म्हणावं, की हे खरं आहे?"

"हां."

"मग?"

"मनी पोर शे, डाक्टर," ती म्हणाली, आणि मग बोलीतच सगळं सांगत सुटली. ओटा, कपाळ, मेहरूण, बालवाडी, सासूचा निवाडा. "जन्मभरना रोग शे असं कळनं, तं त्या पोर मुळीच देवाव नहीत."

हातातला कोट डॉक्टरांनी विनाकारण उलटा-सुलटा केला.

"पुन्हा पडलात तर?"

"कडेवर घेसूच नही. बसीसन मांडीवर घेसू. चुलीजवळ येऊ देवाव नही." ती थांबली. "आते ती चालस ना. तिनाच हात धरीसन चालसू मी."

"मला खोटं बोलता येणार नाही. त्यांनी येऊन विचारलं, तर मी खरं तेच सांगेन."

"ते विचारणार नाहीत तुम्हाला," कुंदा पुन्हा शहरी मराठीवर आली. "ते मलाच विचारतील."

ती उठली. चपला घालायला तिला वेळ लागला. डॉक्टर दुसरीकडे बघत होते, हे तिच्या लक्षात आलं. दारापाशी पोचल्यावर ती मागे वळून नमस्कार करायला गेली आणि खांदा चौकटीवर आपटला. डॉक्टर अर्धवट उठले. तिने हातानेच नको म्हटलं आणि बाहेर आली.

पितांबर बाकावरून उठला. त्याने दाराकडे पाहिलं, पण दुसरा पेशंट आत गेलाही होता. दोघं जिना उतरले. रस्त्यावर ऊन भाजत होतं. औषधाच्या दुकानाच्या सावलीत आल्यावर त्याने विचारलं.

"काय सांगं?"

"काही नही निघनं," कुंदा म्हणाली.

"काहीच नही?"

"हात चांगला शेतस म्हने. डोकंबी चांगलं शे."

पितांबरने तिच्याकडे निरखून पाहिलं. तिचे डोळे लाल होते. ते त्याला दिसले की नाही कोण जाणे. त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. त्याचं पोरीवर प्रेम होतं, आणि गेली दोन-अडीच वर्षं तोही काही सुखाने जेवला नव्हता. मग हळूहळू त्याच्या कपाळावर आठी चढली.

"मंग इतला साल काय व्हतं हाई? मांडा, भांडा, पोरनं कपाळ?"

कुंदाच्या जिभेवर मघाचा तो शब्द अजून होता. तिने तो गिळला.

"ध्यान नव्हतं मनं."

"ध्यान नव्हतं?"

"आळस करू मी. आते नही करसू."

तो मान हलवत म्हणाला, "म्हनजे माय बराबर सांगे."

"हां," कुंदा म्हणाली. "माय बराबर सांगेत."

त्याने पुढे होऊन रिक्षा थांबवली. "मेहरूण," तो म्हणाला. "आनि तठून परत बसस्टँड. पोरले घरी लयी जानं शे." एवढं बोलताना त्याचा आवाज मोकळा झाला होता. तो आधी चढून आत सरकला. एरवी गाडीत चढताना तो न सांगता तिचं कोपर धरायचा, लग्न झाल्यापासूनची ती सवय. आज त्याने हात पुढे केला नाही. बायकोला काही झालेलं नव्हतं, तर मग धरायचं कशाला? कुंदाने दोन्ही हातांनी दांडी पकडली, कुठला पाय आधी टाकायचा ते मनात ठरवलं, आणि चढली.