हुतूतू संघाची पाटी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. माझ्यावर एका हुतूतू संघाचं नाव आहे. त्याखाली दुसरं, त्याखाली तिसरं, अशी बरीच नावं एकावर एक निजली आहेत. दुपारी चाळ शांत झाली की रंगाच्या थरांतून मला बारीक ‘हुतूतूतू’ ऐकू येतं. खेळ संपल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

मूळची मी कोकणातल्या फणसाची फळी. गावातला बुधाजी कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायला मुंबईला आला, तेव्हा वळकटीबरोबर मलाही घेऊन आला. कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पुढे काळाचौकीच्या चाळीत त्याने हुतूतूचा संघ काढला आणि माझा प्रश्न सुटला. शरच्चंद्र पेंटरने माझ्यावर लिहिलं, ‘वायुपुत्र हुतूतू संघ’. अक्षरांना सिनेमाच्या पाटीसारखी सावली दिली आणि रस्त्यावरून दिसेन अशी मला चाळीच्या जिन्याखाली टांगलं. सगळे म्हणाले, "काय झोकात दिसते!" त्या रविवारी वायुपुत्र हरले.

आमच्या संघाची एक रीत होती. हरलं की नाव बदलायचं. दोष नावाचा, खेळाडूंचा नव्हे. मग मी ‘सूर्योदय’ झाले. सामना संध्याकाळी होता. पुढे ‘अजिंक्यतारा’ झाले. समोरचा संघ इतका वेळ हसत बसला की आम्ही जिंकता जिंकता राहिलो. ‘नव-अजिंक्यतारा’बद्दल मी बोलणार नाही.

बुधाजीचा दम मात्र खरा होता. तो ‘हुतूतूतू’ करत घुमू लागला की पन्हाळीवरची कबुतरं पेंगायची. अडचण एवढीच, की संघातले बाकीचेही पेंगायचे.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. गिरणगावात गोळीबार झाला, माणसं गेली. चाळीत त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत. पुढच्या पराभवानंतर बुधाजी म्हणाला, "शरदभाऊ, आता एकच नाव." आणि मी झाले ‘संयुक्त महाराष्ट्र हुतूतू संघ’. मोर्चे माझ्याकडे बघून घोषणा देत. मला वाटायचं, मीच चालतेय आणि रस्ता उभा आहे.

डिलाईल रोडच्या संघाशी सामना ठरला. निघायच्या वेळी बुधाजीची बायको रखमा दारात आडवी उभी राहिली.

"तुमी कधी जिकलास?"

"आज जिंकू."

"आनि नाय जिकलास तर? ह्या नावान हरान घराक येव नकात."

चाळीत कुजबुज सुरू झाली. खरंच, दिल्लीला कळलं तर?

"मग नाव बदलूया," बुधाजी म्हणाला.

"आत्ता?" शरच्चंद्र उसळला. "लोक म्हणतील, काळाचौकीने माघार घेतली. मी ब्रश लावणार नाही!"

नाव उतरवता येईना, हरता येईना. शेवटी ठरलं, राज्य मिळेपर्यंत सामनाच खेळायचा नाही. अशा रीतीने आमचं हरणं थांबलं.

सराव मात्र रोज चाले. डिलाईल रोडची पोरं जाता-येता ओरडत, "काय बुधाजी, लोणचं घातलंस काय रे संघाचं?" तो हसायचा आणि खोकायचा. गिरणीतला कापूस त्याच्या छातीत बसू लागला होता. वर्षं जात होती आणि त्याचा दम आखूड होत होता. त्याला एकच सामना हवा होता. राज्य आधी येतं की दम आधी सरतो, हे मी जिन्याखालून ऐकत होते.

राज्य आलं. चाळीत पेढे फिरले. बुधाजी तडक डिलाईल रोडला गेला.

"चला, खेळूया."

त्यांचा कप्तान म्हणाला, "अरे, आज पेढे खा की!"

"पेढे मागाहून. उद्याच्या दमाचं काय सांगता येत नाय."

संध्याकाळी मला मैदानात नेलं. बुधाजी घुमू लागला. पताका हलायच्या थांबल्या, कबुतरं येऊन बसली. माझ्या थरांतले सगळे संघ जागे होऊन त्याच्याबरोबर घुमू लागले. त्याने तिघांना शिवलं, तो वळला, आणि रेषा हातभर उरली असताना त्याचा दम तुटला. आम्ही हरलो. मातीत पडून बुधाजी हसत होता, खोकत होता.

रीतीप्रमाणे शरच्चंद्र रंगाचा डबा घेऊन आला. "बोला, काय लिहू?"

बुधाजीने रखमाकडे पाहिलं. तिने माझ्यावर आपला तळवा ठेवला.

"काय नको. राज्य गावला, आता हरला तरी ता नाव आपलाच आसा."

मित्रांनो, त्यानंतर आम्ही पुष्कळ हरलो, पण मला पुन्हा ब्रश लागला नाही. जिन्याखाली आलात तर कोरड्या फडक्याने माझी धूळ पुसा. खालची नावं बघायला मला खरवडू नका; आत खेळ चालू आहे. आणि तुमच्या संघाचं नाव फारच लाडकं असलं, तर ते घरात जपून ठेवू नका. त्याला मैदानात न्या, थोडी माती लागू द्या.