पाहणी दौऱ्यावरची बस

मी एक जुनी बस आहे. सरकारी गाड्यांच्या आवारात अगदी मागच्या कुंपणाला टेकून मी उभी असते. माझी पुढची चाके कुणीतरी काढून नेली आणि त्या जागी विटा लावल्या. माझ्या दोन्ही कुशींवर एके काळी ‘विधिमंडळ : भांडवली कामे समिती’ अशी निळी अक्षरे होती. आता त्यांतली निम्मी उडाली आहेत. येणारेजाणारे मला भंगार म्हणतात. म्हणू देत. पण मित्रांनो, मी जे पाहिले ते तुम्हांला सांगितल्याशिवाय भट्टीत जायची माझी इच्छा नाही.

माझा जन्म दोन ठिकाणी झाला. एका कारखान्यात इंजिन, चाके आणि सांगाडा तयार झाला. तिथून एक माणूस डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला फडके बांधून, छप्पर नसलेल्या माझ्यावर बसून मला दुसऱ्या शेडमध्ये घेऊन गेला. तिथे पत्रे ठोकले, खिडक्या बसवल्या, सीटवर हिरवे रेक्झिन चढवले. रंगाचा वास अंगावर असतानाच मी विधिमंडळाच्या दारात येऊन उभी राहिले. मला वाटले, आपले नशीब उघडले.

माझा ड्रायव्हर इतका जपून गाडी चालवायचा की आमदारांनी त्याचे नावच सावकाशराव ठेवले होते. कुणी घाई केली की तो म्हणायचा, “साहेब, पोचायचं सगळ्यांनाच आहे.” पहिल्या दिवशी सगळे माझ्या चकचकीत रंगावर हात फिरवत होते, तेव्हा हा गडी माझ्या खाली आडवा होऊन बॅटरीच्या उजेडात माझे पोट तपासत होता.

आता माझे काम सांगते. राज्याचा खर्च दोन तऱ्हांचा असतो. पगार, औषधे, खडू, डिझेल हा रोजचा खर्च. आणि पूल, शाळा, इस्पितळे, धरणाचे दरवाजे अशा वर्षानुवर्षे टिकणाऱ्या गोष्टींचा तो भांडवली खर्च. तो कर्ज काढून करतात आणि आज जन्मलेली मुले मोठी होईपर्यंत फेडतात. म्हणून नियमही कडक. पाचांतल्या तिघांनी हात वर केल्याशिवाय हे कर्ज काढता येत नाही. एकट्या सरकार पक्षाचे तेवढे हात कधीच नसतात. विरोधकांना बरोबर घ्यावेच लागते.

दर एका वर्षाआड सगळी खाती आपल्या मागण्या पाठवायची. अर्थखाते त्या चाळून क्रम लावायचे. मग समितीचे सदस्य माझ्यात बसून गावोगाव जायचे आणि प्रत्येक काम डोळ्यांनी बघायचे. पाझरणारे कालवे, कॉलेजच्या गळक्या प्रयोगशाळा, तुरुंगाच्या खचलेल्या भिंती मी दारात उभी राहून पाहिल्या. गावे आमच्यासाठी रस्ते झाडून ठेवायची. पोरे हात हलवायची. मोठी मोठी माणसे मी जवळून पाहिली, आणि दुपारच्या जेवणानंतर सगळे पक्ष सारखेच घोरतात हेही ऐकले.

समितीच्या अध्यक्ष पूर्वी शाळेत शिकवायच्या. म्हणून त्यांना सगळे ‘बाई’च म्हणायचे. बाई पहिल्या सीटवर बसायच्या आणि वाटेत कधी झोपायच्या नाहीत. त्यांच्या मागे विरोधकांचे पुढारी बसायचे. ते वकील होते. सभागृहात दोघे एकमेकांवर तुटून पडायचे, आणि माझ्यात बसले की एकाच डब्यातले फुटाणे खायचे.

त्या वर्षी आम्ही एका लहान शहराबाहेरच्या सरकारी वसतिगृहात गेलो. वयाने मोठी झाली तरी ज्यांची समज लहान मुलाएवढीच राहिली, अशी माणसे तिथे राहत. सावकाशरावाने मला अंगणात, जेवणघराच्या रुंद दारासमोर उभे केले. बाहेर पाऊस नुकताच थांबला होता. आत लांबलचक बाके, आणि बाकांच्या मधे मधे बादल्या ठेवलेल्या. छतातून प्रत्येक बादलीत थेंब पडत होते.

बाई पायरी उतरल्या, तोच आतून एक साठीकडे झुकलेला माणूस धावत आला. पँट पोटाच्या वर ओढलेली, हातात रिकामी बादली.

“छोटे! तू बस घेऊन आलीस?”

सगळे जागच्या जागी थांबले. बाईंनी त्याचा हात धरला आणि मागे वळून शांतपणे सांगितले की हा माझा थोरला भाऊ. दादा. तो इथेच राहतो.

दादाने सगळ्या समितीला आत नेले. छताखालच्या बादल्या सांभाळणे हे त्याचे काम होते आणि त्याला त्याचा फार अभिमान होता. प्रत्येक बादलीची ओळख त्याने करून दिली. “ह्या तहानलेल्या असतात,” तो वकीलसाहेबांना समजावून सांगत होता. “मी रिकाम्या करतो. की परत पितात.” वकीलसाहेबांनी मान हलवली आणि दोन बादल्या त्याच्याबरोबर बाहेर आणून ओतल्या. त्यांच्या कडक इस्त्रीच्या विजारीवर पाणी उडाले, ते त्यांनी हाताने झटकले.

बांधकाम खात्याच्या अभियंत्याने काठीने तुळईला टोचले. सिमेंटचा पापुद्रा खाली पडला आणि आतली गंजलेली सळई दिसली. किती दिवस टिकेल, असे कुणीतरी विचारले. तो म्हणाला, ते सांगता येणार नाही, पण मी स्वतः इथे जेवायला बसणार नाही.

“मग ह्यांना मी कुठे बसवू?” वसतिगृहाच्या अधीक्षिका म्हणाल्या.

परत येताना त्या दिवशी कुणी घोरले नाही. बाईंनी वकीलसाहेबांना थोडक्यात सांगितले. आई गेल्यावर दादा त्यांच्या घरी होता. नोकरी, दोन मुले, आजारी सासू यांत त्याला सांभाळणे जमेना. म्हणून इथे ठेवले. लपवले नव्हते, कुणी विचारलेच नव्हते. वकीलसाहेबांनी नुसता फुटाण्यांचा डबा पुढे केला.

मग अधिवेशन सुरू झाले. अर्थखात्याच्या यादीत जेवणघराचे छत दुसऱ्या क्रमांकावर होते. समितीपुढे रोज माणसे येत. नगराध्यक्ष येत, प्राध्यापक येत, कोळी येत. प्रत्येकाचे काम निकडीचेच असे. जेवढे कर्ज काढता येणार होते त्याच्या कितीतरी पट मागण्या होत्या. बाई सकाळी कात्री लावत आणि दुपारी शिव्या खात. त्यातच एका वर्तमानपत्रात बातमी आली, की अध्यक्षांच्या भावाच्या घरासाठी राज्य कर्ज काढणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आणि वकीलसाहेब विधिमंडळाच्या अंगणात येऊन माझ्यात बसले. आत प्रत्येक दाराशी कुणी ना कुणी उभे होते. बोलायला माझ्याइतकी निवांत जागा नव्हती.

वकीलसाहेब म्हणाले, की त्यांच्या भागातली गिरणी बंद पडल्यापासून पोरे नाक्यावर बसून असतात. तिथल्या क्रीडासंकुलाला पैसे मिळाले, तर त्यांची माणसे हात वर करतील. पण वसतिगृहाचे नाव यादीत असेपर्यंत करणार नाहीत.

“मी स्वतः त्या छताखाली उभा होतो बाई. मला पटतं. त्यांना पटत नाही. ते म्हणतात, बाईंच्या भावासाठी आम्ही कर्ज का काढायचं?”

“तिथे तो एकटा जेवत नाही.”

“ते मी सांगितलं त्यांना.”

बाईंनी मांडीवरची यादी उलगडली. हे एक काम अडले तर कर्जाचे सगळे विधेयकच पडणार होते. पूल, इस्पितळे, कालवे, सगळे.

“माझ्या जागी दुसरं कुणी अध्यक्ष असतं, तर हे काम यादीत राहिलं असतं ना?”

वकीलसाहेबांनी विचार केला. ते खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते. “राहिलं असतं,” ते म्हणाले.

“काढा मग ते. बाईने आधी आपलं माणूस बघितलं, असं कुणी म्हणायला नको. पुढच्या खेपेला पहिलं घेऊ.”

निदान छताला टेकू तरी लावून घ्या, असे वकीलसाहेबांनी सुचवले. बाईंनी त्याच दिवशी खात्याला कळवले. पण मित्रांनो, टेकू हा भांडवली खर्चात बसत नाही. तो रोजच्या दुरुस्तीत येतो. आणि दुरुस्तीवाल्यांचे म्हणणे पडले, की पुढच्या खेपेला नवे छत होणारच आहे, तर जुन्यावर पैसे कशाला घालायचे? टेकू आले नाहीत.

विधेयक मंजूर झाले. सभागृहातला बाकांचा कडकडाट अंगणापर्यंत ऐकू आला. बाईंसारखी निःस्पृह अध्यक्ष झाली नाही, असे जो तो म्हणत होता. माझ्या पायऱ्यांवर उभे राहून दोन्ही पक्षांनी फोटो काढले. बाई मधे उभ्या होत्या. हसा, असे त्यांना दोनदा सांगावे लागले.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी सावकाशराव पळत आला. त्याला पळताना मी तोवर कधी पाहिले नव्हते. आवारात दुसरी गाडी नव्हती. बाई आणि वकीलसाहेब चढले आणि आम्ही निघालो. त्या दिवशी सावकाशरावाने मला जसे पळवले तसे पुन्हा कधीच पळवले नाही.

जेवणघराचे निम्मे छत खाली आले होते. बाके मोडली होती. सगळे जेवून झोपायच्या खोल्यांत गेले होते. अधीक्षिका पावसात तशाच उभ्या होत्या. त्या पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या.

“मी त्याला हाक मारली हो. ‘एकच राहिलीये,’ म्हणाला. एक बादली राहिली होती.”

दादाला बाहेर काढून ओसरीत ठेवले होते. बाई त्याच्याजवळ बसल्या. त्याची पँट नीट केली, केसांतली माती बोटांनी झाडली. मग उठून विचारले, की बाकीच्यांच्या संध्याकाळच्या जेवणाचे काय? जेवण ओसरीच्या दुसऱ्या टोकाला सतरंजीवर झाले. बाईंनी पदर खोचून वाढले. एकाने त्यांना विचारले, दादा कुठे आहे? त्यांनी त्याच्या ताटात आणखी थोडा भात घातला.

परतीच्या वाटेवर वकीलसाहेब म्हणाले, “माझ्यामुळे झालं हे.”

“नाही. तुम्ही नुसती अट सांगितलीत. ‘काढा’ मी म्हटलं.” बराच रस्ता गेल्यावर त्या पुन्हा बोलल्या, आणि तो आवाज माझ्या पत्र्यांत अजून आहे. “तो माझा भाऊ होता म्हणून काढलं मी. परका असता तर जगला असता.”

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘मोठी दुर्घटना टळली’ असे छापून आले. एकच दगावला, म्हणून.

मग सगळे झटपट झाले. नव्या छताला खास मंजुरी मिळाली. एकही हात खाली राहिला नाही. बाईंनी अध्यक्षपद सोडले, पण समितीत त्या राहिल्या. पुढच्या दौऱ्यात त्या माझ्या शेवटच्या सीटवर बसायच्या. गावाने पुढचा दिवाणखाना सजवून ठेवला, की या मागच्या जिन्याने वर जाऊन तुळया बघायच्या. दौऱ्याला उशीर व्हायचा. सदस्य घड्याळे बघायचे, आपसांत कुजबुजायचे. वकीलसाहेब मात्र छत्री धरून त्यांच्याबरोबर जायचे.

बाई पुढची निवडणूक हरल्या. त्यांच्या भागातल्या लोकांनी विचारले, इतकी वर्षे त्या समितीत बसून तुम्ही आपल्याकडे काय आणले? त्यांना दाखवायला काही नव्हते. वाचलेल्या छताला कुणी फीत बांधत नाही. त्यांच्याबद्दल पुन्हा काही माझ्या कानांवर आले नाही.

सावकाशराव निवृत्त झाला. नवी थंडगार बस आली. माझ्या खाली आडवे होऊन बघणारे कुणी उरले नाही. गंज वरून दिसत नाही, मित्रांनो. तो आत चालतो आणि गप्प चालतो. एका सकाळी चाकांवर माझा भार तोलणारा पाटा मोडला आणि मला ओढत इथे आणून टाकले. माझा लिलाव व्हायचा आहे. तेवढ्यासाठी सही करायला अजून कुणाला सवड झालेली नाही.

माझे जाऊ द्या. मी लोखंड आहे. पण तुमच्या वर्गाच्या भिंतीत भेग असेल, तुमच्या रस्त्यावरचा पूल हलत असेल, तर मोठ्यांना सांगा. त्यांनी ‘बघू’ म्हटले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. लोक हसतील, कंटाळतील, तरी जा. उद्या तुमच्यातले कुणी अशाच एखाद्या समितीत बसतील. नवे काही बांधायला निघण्याआधी, जे उभे आहे त्याच्याखाली कोण बसले आहे ते वाकून बघा. आणि तिथे बसलेला माणूस तुमचा सख्खा भाऊ निघाला, तरी त्याचे नाव खोडू नका.